मुलांसाठीच करतेस ना, मग?

मुलांसाठी काम करणाऱ्या मोठमोठ्या संस्थांचा गाडा बहुतेक ठिकाणी बायकाच ओढतात. त्यांचं आपल्या कामावर प्रेम असतं, यात शंका नाही. पण कामाच्या जागेवर विश्वास असतो का? हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे आपल्या लक्षातच येत नाही.

रविवारी सकाळी भाचीचा फोन आला. एरवी तिचा फोन म्हणजे अर्धा तास नुसता चिवचिवाट. वस्तीतल्या मुलांच्या गमती, कोण शाळेत परत आलं, कोणी पहिल्यांदाच स्वतःचं नाव लिहिलं... परवा मात्र ती नुसतीच ‘हं, हं’ करत होती. शेवटी म्हणाली, ‘‘मावशी, आमच्याकडच्या सर्व्हेचा निकाल लागला. आमचे कर्मचारी समाधानी आहेत. पाचपैकी चार पूर्णांक सहा.’’

‘‘अगं, मग चांगलंच आहे की!’’

‘‘हो ना. आणि त्याच दिवशी मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले.’’

माझी ही भाची एमएसडब्ल्यू झाली आणि मुंबईतल्या एका मोठ्या बालकल्याण संस्थेत लागली. त्याला आता नऊ वर्षं झाली. तिचं आणि संस्थेचं नाव इथे देत नाही. नोकरी अजून तिथेच आहे, आणि तिला ती सोडायचीही नाही. हेच तर या गोष्टीतलं खरं दुखणं आहे.

झालं होतं असं. तिच्या सहा वर्षांच्या मुलीला ताप भरला होता. तिने एक दिवसाची रजा मागितली. नेमके त्या दिवशी देणगीदार वस्ती बघायला यायचे होते. वरिष्ठ ताई (तिथे सगळ्यांनाच ताई किंवा दादा म्हणायची पद्धत आहे) शांतपणे म्हणाल्या, ‘‘तुझं एक मूल आजारी आहे गं. इथे चारशे मुलं तुझी वाट बघताहेत.’’ भाची गेली. शेजारच्या आजींकडे मुलीला ठेवून गेली. पाहुण्यांपुढे हसतमुखाने उभी राहिली. संध्याकाळी सर्व्हेचा निकाल मोठ्या पडद्यावर दाखवला गेला, टाळ्या झाल्या, आणि ही बाथरूमकडे पळाली.

सर्व्हेचा फॉर्म होता तरी कसा, मी विचारलं. बावीस प्रश्न. पहिलाच प्रश्न : ‘मला माझ्या कामाचा अभिमान वाटतो.’ सगळ्यांनी पाचपैकी पाच दिले. भाचीनेही दिले, आणि ते खोटे नव्हते. ‘माझ्या कामामुळे मुलांच्या आयुष्यात बदल होतो.’ परत पाच. असे दहा-बारा प्रश्न झाल्यावर कुठेतरी खाली होता, ‘माझ्यावर अन्याय झाला तर मी निर्धास्तपणे तक्रार करू शकते.’ तिथे भाचीचं पेन अडलं. कारण फॉर्मवर नाव लिहायचं नव्हतं, पण विभाग, किती वर्षं नोकरी आणि स्त्री की पुरुष हे लिहायचं होतं. त्या विभागात नऊ वर्षं काढलेली बाई एकच आहे! तिने मुकाट्याने चार दिले. म्हणजे निनावी फॉर्मवर तिने सहीच केली म्हणायची.

आणि असे चार-पाच मिळून सरासरी झाली चार पूर्णांक सहा.

हे ऐकताना मला वाटलं, या सर्व्हेत मोजलं काय? या बायकांचं मुलांवरचं प्रेम मोजलं. ते भरपूर निघणारच होतं. पण मुलांवरच्या प्रेमाचं श्रेय संस्थेने स्वतःच्या खात्यावर जमा करून टाकलं. काम आवडणं वेगळं आणि जिथे काम करतो त्या जागेवर विश्वास असणं वेगळं. सासर आवडत नाही म्हणून कोणी पोटच्या मुलावरचं प्रेम कमी करत नाही. पण मुलावर प्रेम आहे म्हणजे सासरी सगळं आलबेल आहे, असंही होत नाही ना?

शंभर वर्षांची संस्था, तरीही...

ही एकट्या भाचीच्या संस्थेची गोष्ट नाही. जगातल्या नावाजलेल्या संस्थेलाही याची किंमत मोजावी लागली आहे.

ब्रिटनमधली ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था उभी केली ती दोन बहिणींनी, एग्लंटाइन जेब आणि डोरोथी बक्स्टन यांनी. पहिलं महायुद्ध संपलं होतं, पण नाकेबंदीमुळे ऑस्ट्रिया-जर्मनीतली मुलं उपाशी मरत होती. शत्रूराष्ट्रातल्या मुलांसाठी रडणार कोण? एग्लंटाइनबाईंनी १९१९ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात उपाशी बाळाचं चित्र असलेली पत्रकं वाटली, त्याबद्दल त्यांना अटक झाली आणि पाच पौंड दंड झाला. आणि गंमत बघा, तो दंड सरकारी वकिलाने स्वतःच्या खिशातून दिला, अशी हकीकत सांगितली जाते. त्याच वर्षी संस्था सुरू झाली. बालहक्कांचा जो पहिला आंतरराष्ट्रीय जाहीरनामा राष्ट्रसंघाने १९२४ मध्ये स्वीकारला, त्याचा मसुदाही याच बाईंचा.

बायकांच्या हिमतीवर उभ्या राहिलेल्या या संस्थेत नव्वद-पंच्याण्णव वर्षांनी काय झालं? २०१२ ते २०१५ या काळात तिथल्या महिला कर्मचाऱ्यांनी दोन सर्वांत वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या वागणुकीबद्दल तक्रारी केल्या. त्यातले एक तर साक्षात मुख्याधिकारी. नको ते मोबाइल संदेश, कपड्यांवर आणि दिसण्यावर शेरे. मुख्याधिकाऱ्यांचं प्रकरण माफीवर अनौपचारिकपणे मिटवलं गेलं. ते पुढे संस्था सोडून युनिसेफमध्ये उपकार्यकारी संचालक झाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये हे सगळं उजेडात आलं, तेव्हा त्यांनी ते पदही सोडलं.

मग चक्रं फिरली. एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या धर्मादाय आयोगाने चौकशी सुरू केली. संस्थेने चौकशी चालू असेपर्यंत सरकारकडून नवा निधी मागायचा नाही असं ठरवलं, म्हणजे शेवटी झळ मुलांच्याच कामाला बसली. संस्थेच्या विश्वस्तांनी डॉ. सुझान शेल यांच्याकडून कामाच्या ठिकाणच्या वातावरणाचा स्वतंत्र अभ्यास करून घेतला. तो अहवाल ऑक्टोबर २०१८ मध्ये आला. संस्थेतल्या माणसांना कामाची मनापासून ओढ होती. पण त्याच माणसांपैकी अनेकांनी वाईट वागणूक सोसली होती, आणि तक्रार करून उपयोग होईल असा भरवसा त्यांना नव्हता. आयोगाचा निष्कर्ष मार्च २०२० मध्ये आला : संस्थेने तक्रार करणाऱ्या बायकांना वाऱ्यावर सोडलं.

थोडं बाजूला बघा. मानवी हक्कांसाठी झटणारी ‘अॅम्नेस्टी इंटरनॅशनल’. २०१८ मध्ये तिथल्या एका जुन्या कार्यकर्त्याने आत्महत्या केली. त्यानंतर झालेल्या पाहणीत तिथल्या ३९ टक्के कर्मचाऱ्यांनी सांगितलं, की या नोकरीमुळेच आपल्याला शारीरिक किंवा मानसिक आजार जडला. जगाच्या हक्कांसाठी भांडणारी माणसं! आणि आपलं दुखणं सांगायला त्यांना जागा नव्हती.

चांगल्या कामाचं ओझं

असं का होतं? संस्था मुळात वाईट माणसांच्या असतात म्हणून? मुळीच नाही. उलट काम चांगलं असतं, म्हणूनच होतं.

कारखान्यातला मॅनेजर जादा काम सांगतो, तेव्हा कामगार ‘ओव्हरटाइम द्या’ म्हणू शकतो. पण ‘मुलं उपाशी आहेत’ असं म्हटल्यावर ओव्हरटाइम कोण मागणार? मागणारीच मनातून खजील होते. शिवाय तिथे सगळे ‘कुटुंब’ असतात. भाची म्हणते, ‘‘मावशी, पगार दोन महिने लांबला तेव्हा आम्ही कुटुंब होतो. प्रोजेक्ट संपला आणि अकरा जणींना महिन्याची नोटीस मिळाली, तेव्हा मात्र आम्ही कंत्राटी होतो.’’

याला देणगीदारांचीही बाजू आहे, म्हणजे तुमची-माझी. आपण पहिला प्रश्न काय विचारतो? ‘शंभरातले किती रुपये थेट मुलांपर्यंत पोचतात?’ प्रश्न रास्तच आहे. पण मुलांपर्यंत रुपया आपल्या पायांनी चालत जात नाही. तो घेऊन जाणारी बाई असते. तिला लोकलचा पास लागतो, डॉक्टर लागतो, तिचंही घर असतं. तिचा पगार म्हणजे ‘वरखर्च’ असं आपण मानलं, की संस्थाही तो लपवायला आणि कापायला लागते. परदेशी देणग्यांच्या बाबतीत तर २०२० मध्ये एफसीआरए कायद्यात दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. गैरव्यवहार रोखायला मर्यादा हवीच, पण कात्री लागली की पहिल्यांदा काय जातं? कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, समुपदेशन, तक्रारी ऐकायला बसवलेलं माणूस. म्हणजे नेमकं तेच, ज्याच्यावाचून आतली घुसमट वाढते.

घुसमटीचं आणखी एक कारण आहे, ते बाहेरच्यांना दिसत नाही. या बायका दिवसभर काय ऐकतात, याची कल्पना करा. मार खाल्लेलं मूल, विकलं गेलेलं मूल, घरातल्याच माणसाने हात लावलेलं मूल. ते ऐकायचं, नोंदवायचं, पोलिसांत जायचं, कोर्टात उभं राहायचं, आणि सात वाजता घरी येऊन कुकर लावायचा. दुसऱ्याचं दुःख सतत ऐकून ऐकणाऱ्यालाही आघात होतो, हे मानसशास्त्राने केव्हाच मान्य केलंय. झोप उडते, चिडचिड होते, स्वतःच्या मुलीला क्षणभरही नजरेआड करवत नाही. यावर औषध म्हणजे कुणीतरी जाणत्या माणसाने ठरावीक दिवशी या बायकांचंही ऐकून घेणं. पण त्यांना मिळतं काय? ‘तू खूप हळवी आहेस गं!’

आणि आपली भाषासुद्धा बघा. पगाराला आपण ‘मानधन’ म्हणतो. शब्द किती गोड! २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून अंगणवाडी सेविकेला मिळतं ते मानधनच. सेविका ना, मग वेतन कसलं? तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. ही संस्थेची नाही, सरकारची गोष्ट. पण मनोवृत्ती तीच. मान द्यायचा आणि धन हात आखडून.

मीही तेच म्हणाले होते

इथवर लिहून मी जरा थांबले. कारण भाचीच्या ‘ताईं’वर राग काढणं सोपं आहे. खरं सांगायचं, तर तेच वाक्य एकदा माझ्या तोंडूनही गेलंय.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या मंडळाची एक बालवाडी होती. मी तिची कार्यवाह. शिकवायला एक तिशीतली बाई होती, मुलं तिला सोडून घरी जायची नाहीत इतकी गोड. एकदा तिने भीतभीत दोनशे रुपये वाढवून मागितले. मी काय म्हणावं? ‘‘अगं, मुलांसाठीच करतेस ना, मग?’’ ती हसली. मला वाटलं, पटलं तिला. दोन महिन्यांनी तिने बालवाडी सोडली आणि साड्यांच्या दुकानात लागली. पगार जास्त, सोमवारी हक्काची सुट्टी. नंतर एकदा बाजारात भेटली. म्हणाली, ‘‘बाई, तिथे मला कुणी म्हणत नाही, साड्यांसाठीच करतेस ना!’’

तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. आज ते टोचतं. आमच्या बालवाडीला तिच्यासारखी बाई पुन्हा मिळाली नाही. दोनशे रुपये वाचवून आम्ही मुलांचं भलं केलं की नुकसान?

आपल्या डोळ्यांसमोर आदर्श असतात ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे. बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी, कुरणशाळा असे प्रयोग करत त्यांनी उभं आयुष्य वेचलं. त्यांच्यापुढे मान झुकतेच. पण तो त्याग त्यांनी स्वतः निवडला होता. त्याग स्वतःहून करायचा असतो, दुसरीकडून वसूल करायचा नसतो. नोकरीच्या जाहिरातीत ‘समर्पित वृत्ती आवश्यक’ असं छापायचं आणि मग त्या वृत्तीच्या भरवशावर रविवारही खायचा, ही अनुताईंची परंपरा नव्हे.

कायदा दारात उभा आहे

पुष्कळ जणींना वाटतं, आपली संस्था म्हणजे काही कंपनी नव्हे, इथे कायदेबियदे कुठून? तसं नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा (त्याआधी १९९७ चे ‘विशाखा’ निर्देश होते) स्वयंसेवी संस्था आणि ट्रस्ट यांनाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती हवीच. तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरची. कायद्याचं संरक्षण कंत्राटी, प्रशिक्षणार्थी आणि बिनपगारी स्वयंसेविकांनाही आहे. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची, समितीने नव्वद दिवसांत चौकशी पुरी करायची.

यातली एक गंमत सांगते. ही बाहेरची सदस्य बऱ्याचदा एखाद्या स्वयंसेवी संस्थेतूनच घेतात. म्हणजे आपल्या ताई कंपन्यांच्या समितीवर जाऊन न्याय देतात, आणि त्यांच्या स्वतःच्या ऑफिसात समितीची पाटी नाही!

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध, म्हणजे संस्थेच्या सर्वेसर्वाविरुद्ध असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. संस्थापकांचा फोटो भिंतीवर आणि वचक मनावर असतो, तिथे ही तरतूद फार मोलाची आहे. लंडनमध्येही घोडं अडलं ते तिथेच. मुख्याधिकाऱ्याची तक्रार ऐकायची कोणी, आणि त्याच्या दबावाबाहेर राहून?

तसंच बाळंतपणाचं. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झालं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. भाचीच्या संस्थेत दीडशेवर माणसं आहेत. मुलांसाठी पाळणाघरं चालवणारी संस्था, आणि तिथल्या आयांच्या मुलांना पाळणाघर नाही!

मग पुढे काय झालं?

त्या रविवारी मी भाचीला एवढंच म्हटलं, ‘‘एकटी जाऊ नकोस. आणि रडायला जाऊ नकोस, कागद घेऊन जा.’’

पाच जणींनी मिळून एक पत्र लिहिलं. तक्रारीचा सूर नाही, चार मागण्या. अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर भिंतीवर लावा. महिन्यातून एकदा बाहेरच्या समुपदेशकाबरोबर बैठक ठेवा. पाळणाघर सुरू करा. आणि पुढचा सर्व्हे बाहेरच्या माणसाकडून, विभाग-वर्षं न विचारता करून घ्या. खाली पाचही सह्या गोलाकार केल्या, म्हणजे पहिली सही कोणाची हे कळू नये. ही युक्ती कोणाची ते विचारू नका!

विश्वस्तांच्या बैठकीत चर्चा झाली म्हणे. वरिष्ठ ताई आठवडाभर बोलल्या नाहीत. मग एक दिवस भिंतीवर समितीची नावं लागली. समुपदेशक दोनदा येऊन गेल्या. पहिल्या बैठकीत कोणी तोंड उघडेना, दुसऱ्या बैठकीत वेळ पुरला नाही. पाळणाघराचं ‘बघू’वर आहे, आणि सर्व्हेबद्दल अजून कोणी शब्द काढलेला नाही. पगार आहे तिथेच आहे.

‘‘मग सोडणार का?’’ मी विचारलं.

‘‘नाही गं मावशी. मला मुलं आवडतात.’’ थोडं थांबून म्हणाली, ‘‘पण आता मला रजा मागायची लाज वाटत नाही.’’

मला वाटतं, पाचपैकी चार पूर्णांक सहापेक्षा हे उत्तर मोठं आहे.

मैत्रिणींनो, आपण वाढदिवसाला, बाबांच्या वर्षश्राद्धाला, दिवाळीला अशा संस्थांना देणगी देतो. जरूर द्या, हात आखडू नका. शंभरातले किती रुपये मुलांपर्यंत पोचतात हेही विचारा. पण पावती घेताना समोर बसलेल्या बाईकडे बघून आणखी एक प्रश्न विचाराल का? ‘तुम्ही घरी किती वाजता जाता हो?’